पेटीकडून पियानोकडे: मोठेपणी शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात संध्याकाळी माझ्याकडे पियानो शिकायला येणारे बहुतेक जण चाळिशीच्या आसपासचे किंवा पुढचे. कुणी भुसावळहून ड्युटी आटोपून येतं, कुणी धुळ्याहून फोनवर शंका विचारतं. यावलकडचे एक केळीवाले काका तास संपला की कागदावर प्रश्न लिहून ठेवून जातात. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न फिरून यायला लागले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिला असेल तर तिकडे बघा. एकच गोष्ट दोनदा लिहायचा मला कंटाळा आहे.

१. ताई, पन्नाशीत माले जमी का?

जमेल. लहान पोराची बोटं लवकर वळतात हे खरं, पण आठ वर्षांच्या पोराला "मनगट सैल सोड" म्हणजे काय ते सहा महिने कळत नाही. तुम्हाला ते पहिल्या दिवशी कळतं, फक्त हात ऐकत नाही. मोठ्या माणसांची खरी अडचण वेगळीच असते. चाळीस वर्षं गाणी ऐकून कान पुढे गेलेला असतो आणि हात बालवाडीत. स्वतःचं वाजवणं स्वतःलाच सहन होत नाही, म्हणून लोक तिसऱ्या महिन्यात सोडतात. तेवढे महिने काढा. दोन्ही हातांनी एक साधी चाल नीट वाजायला माझ्याकडे साधारण चार महिने लागतात.

२. पेटी चांगली येते. पियानो पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागेल का?

पट्ट्यांचा नकाशा तोच आहे. सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजायच्या: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी पाच म्हणजे ए शार्प किंवा बी फ्लॅट. तेवढं पाठ आहे म्हणजे अर्धं ओझं कमी. पण हाताची सवय मात्र बदलावी लागते, आणि खाली विचारलेल्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

पेटीत पट्टी दाबली की हवेला वाट मोकळी होते, बस. आवाज लहान-मोठा करतो तो भाता. म्हणून पेटीवाल्याची बोटं पट्टीवर ठाण मांडून बसतात आणि डावा हात जन्मभर भात्याची चाकरी करतो. पियानोत पट्टी खाली जाताना आत एक हातोडी उडते, तारेवर आपटते आणि लगेच मागे फिरते. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने जी करामत साधली ती हीच: पट्टी दाबून धरली तरी हातोडी तारेला चिकटून राहत नाही. म्हणजे सूर निघून गेल्यावर तुम्ही पट्टी कितीही रेटा, आत ऐकायला कुणी नाही. पट्टी धरून ठेवायची ती सूर लगेच बंद पडू नये म्हणून, आणि तेवढ्याला बोटाचं वजन पुरतं.

मी स्वतः वीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवून चौतिसाव्या वर्षी पियानोकडे वळले. पहिलं वर्षभर संध्याकाळी उजवा अंगठा ठणकायचा. भाकरी थापून दुखतोय असं वाटायचं. मी प्रत्येक सूर वाजून गेल्यावरही पट्टी तळाशी चेपून धरत होते, आणि हे कळायला एक वर्ष गेलं.

३. घरात पोरांचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पडलाय. चालेल का?

सुरुवातीचे काही महिने चालेल, एका अटीवर: पट्टी हळू दाबली तर आवाज हळू आणि झटकन दाबली तर मोठा निघाला पाहिजे. तसं होत नसेल तर ती पेटीच समजा, भाता नसलेली. पुढे मात्र ८८ पट्ट्यांचा, हॅमर अ‍ॅक्शनचा (खऱ्या पियानोसारख्या वजनदार पट्ट्यांचा) डिजिटल पियानो लागतो. ८८ मध्ये ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. आकड्यापेक्षा पट्टीचं वजन महत्त्वाचं. दुकानात गेलात की शेकडो आवाज ऐकत बसू नका. एकच पट्टी दहा वेळा, अगदी हळू ते मोठ्याने, अशी वाजवून बघा.

४. बसायचं कसं? आम्हाला जमिनीवर मांडी घालून बसायची सवय आहे.

पेटीसाठी मांडी उत्तम. पियानोसाठी नाही, कारण दोन्ही हात लांब डावी-उजवीकडे जातात आणि गुडघे मध्ये येतात. पेडलला पाय तर उरतच नाही.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाठ टेकू नका, दोन्ही तळवे जमिनीवर. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा जरासं वर यायला हवं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुतेकांना बुटकी पडते, तिच्यावर गोधडीची घडी टाका. आणि कीबोर्ड पलंगावर ठेवून वाजवू नका. अर्ध्या लोकांची मनगटं तिथेच बिघडतात.

५. हात चेंडू धरल्यासारखा गोल ठेवायचा म्हणतात. तसं केलं की हात आखडतो.

आखडणारच, चेंडू म्हटलं की माणूस तो पकडतो. उभे राहा, हात बाजूला लोंबकळू द्या आणि बोटांकडे बघा. ती आपोआप किंचित वळलेली असतात. तोच आकार तसाच उचलून पट्ट्यांवर आणायचा. बोटाचं शेवटचं पेर आत मोडू द्यायचं नाही, एवढीच काळजी.

शोपँ हा पोलिश पियानोवादक-संगीतकार आपल्या शिष्यांना हाताची पहिली ठेवण सी पासून देत नसे. त्याचे पाच सूर आपल्या भाषेत सांगायचे तर पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात. आत्ता उठून हात ठेवून बघा. मधली तीन लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा-करंगळी खाली पांढऱ्यांवर बसते. हात कसा ठेवायचा हे मग सांगावं लागत नाही.

६. बोटांना नंबर कसले दिलेत?

दोन्ही हातांत अंगठा १, तर्जनी २, मधलं ३, अनामिका ४, करंगळी ५. तबल्याचे बोल जसे पाठ होतात तसे हेही होतात. नंबर सुरांचे नसतात, बोटांचे असतात. हा घोळ पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा होतो.

७. तुम्ही पहिला धडा काळ्या पट्ट्यांवर का देता? पुस्तकात तर पांढऱ्यांपासून आहे.

कारण काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा गटांत आहेत आणि डोळे मिटूनही सापडतात. दुसरं कारण जास्त गोड आहे. नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवत वर जा. काळी तीनला सा धरलात तर भूप रागाचे स्वर लागतात. काळी एकला सा धरला तर दुर्गा. काळी दोनवरून धानी, काळी चारवरून मेघाचे, आणि काळी पाचवरून थेट मालकंसाचे. पट्ट्या त्याच पाच, सा बदलला की घर बदलतं. अर्थात स्वर मिळाले म्हणजे राग मिळाला असं नाही, हे पेटीवाल्यांना सांगायला नको.

उजव्या हाताची २-३-४ ही बोटं तीनच्या गटावर, मग हात उचलून २-३ दोनच्या गटावर. अंगठा मध्ये अधांतरी लोंबू द्या. डाव्या हाताची करंगळी काळी तीनवर आणि अंगठा वरच्या काळी एकवर ठेवून सा-प धरा. झाला तंबोरा. यावलच्या काकांनी पहिल्याच तासाला असा भूप वाजवला आणि नंतर पाच मिनिटं नुसते पट्ट्यांकडे बघत बसले.

८. आवाज मोठा काढायला जोर किती लावायचा?

जोर नाही, वेग आणि वजन. पट्टी जेमतेम एक सेंटीमीटर खाली जाते आणि ती हलायला पन्नासेक ग्रॅम वजन पुरतं. हातोडी किती वेगानं सुटली यावर आवाज ठरतो.

मांडे करणारी बाई आठवा. ती पुरणाचा मांडा बोटांनी ओढत नाही. ओढला तर फाटेल. खांद्यापासून हात सैल फिरत राहतात आणि मांडा स्वतःच्या वजनानं पसरत जातो. माझ्याकडे येणाऱ्या एका मावशींना मी आठवडाभर "आर्म वेट", म्हणजे हाताचं वजन, समजावत होते. शेवटी त्याच म्हणाल्या, "म्हणजे मांड्यासारखं?" हो, तसंच.

करून बघा: डाव्या हातानं उजवं मनगट खालून उचलून धरा, उजवा हात पूर्ण ढिला सोडा आणि मग डावा हात काढून घ्या. मधलं बोट पट्टीवर पडेल आणि भरदार सूर निघेल. तो पडलेला हात तिथेच सैल राहिला पाहिजे. सूर निघाल्यावर जे दाबत राहणं आहे त्याची कथा प्रश्न २ मध्ये आहे.

९. अंगठा खालून नेताना कोपर वर उडतं. काय करू?

अंगठा उशिरा निघतो म्हणून. उजव्या हातानं पांढरी एकपासून वर जाताना क्रम १-२-३-१-२-३-४-५ असा आहे. बहुतेक जण तिसरं बोट वाजेपर्यंत अंगठा मागेच ठेवतात आणि मग कोपर उडवून त्याला खालून फेकतात. दुसरं बोट वाजताच अंगठ्याने तळहाताखाली सरकायला सुरुवात करायची, म्हणजे पाळी येते तेव्हा तो पट्टीवर हजर असतो. हातही त्याबरोबर उजवीकडे सरकू द्या.

डाव्या हाताचा वर जाण्याचा क्रम ५-४-३-२-१-३-२-१. इथे अंगठा जागेवर राहतो आणि तिसरं बोट त्याच्यावरून उडी घेतं.

अपवाद लगेच सांगते. पांढरी चारपासून बिलावल (सगळे शुद्ध स्वर) वाजवताना उजव्या हाताचा क्रम १-२-३-४-१-२-३-४ होतो, कारण चौथा सूर काळी पाच आहे आणि तीननंतर अंगठा घातला तर तो काळीवर पडेल. सरगम पळवताना अंगठा काळीवर टाळायचा, हा मूळ नियम. बाकीचे क्रम त्यातून निघतात.

१०. अनामिका स्वतंत्र उठतच नाही. व्यायाम सांगा.

तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट खाली दुमडा आणि आता अनामिका उचलून बघा. नाही ना उठत? माझीही नाही. हाताच्या पाठीवर या बोटांच्या कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, एकमेकींना जोडलेल्या असतात, ती जन्मजात बांधणी आहे. ताणून ती सुटत नाही. शुमान या जर्मन संगीतकाराचा उजवा हात तरुणपणीच बिघडला आणि त्याला वादन सोडावं लागलं. बोटं बळकट करायच्या यंत्राचा तो परिणाम, असं सांगतात. कारणाबद्दल वाद आहेत, पण रबरबँड लावून अनामिका ओढणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते.

अनामिका उंच उचलायची गरजच नाही. कुलपात किल्ली फिरवल्यासारखा हात किंचित करंगळीकडे कलता करा, वजन आपोआप तिच्यामागे येतं.

११. वेगवेगळे दोन्ही हात वाजतात. एकत्र आले की गाडी अडते.

सगळ्यांची अडते, आणि पेटीवाल्यांची जास्त, कारण डाव्या हाताला स्वतःचं काम कधी नव्हतंच. प्रश्न ७ मधला सा-प धरलेला डावा हात घ्या. मनात तीनताल सुरू करा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर. डावा हात फक्त पहिली, पाचवी, नववी आणि तेरावी मात्रा वाजवेल. उजवा हात प्रत्येक मात्रेला भूपाचा एक सूर. सोळा मात्रा न अडखळता तीनदा झाल्या की नववीला, म्हणजे खालीला, डावा हात गाळा. हे वाचायला सोपं वाटतं, करताना लोकांना घाम फुटतो.

चुकलं तर पहिल्यापासून सुरू करू नका. जिथे अडतं त्या दोनच मात्रा घ्या, वेग निम्मा करा. लोक पहिली ओळ शंभर वेळा वाजवतात आणि तिसरी ओळ कायम कच्ची.

१२. रोज किती रियाज?

वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. रविवारी तीन तास आणि बाकी आठवडा सुट्टी, हा हिशेब इथे चालत नाही.

१३. मनगट दुखतं. दुखणं अंगवळणी पडेपर्यंत सोसायचं का?

नाही. पियानो म्हणजे तालीम नाही. दुखलं की थांबा आणि क्रमाने तपासा: खुर्ची बुटकी आहे का (प्रश्न ४), सूर वाजल्यावर पट्टी चेपताय का (प्रश्न २), खांदे कानाकडे चढलेत का. खांद्यांचं स्वतःला कळत नाही, मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढून बघा. दिवसभर कम्प्युटरवर बसणाऱ्यांचं मनगट आधीच थकलेलं असतं. त्यांनी ऑफिसातून आल्याआल्या बसू नये.

मुंग्या येणं, रात्री बोटं बधिर होणं, बोट वाकून अडकणं यातलं काही असेल तर मला नाही, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असणाऱ्यांनी तर लवकरच.

१४. पेडल दाबलं की सगळा गलका होतो.

उजवं पेडल सगळ्या तारांवरचे दाबक उचलतं, म्हणून जुने सूर विझत नाहीत आणि नव्यात मिसळतात. हात आणि पाय एकदम खाली गेले की बसस्टँड होतो. नवा सूर वाजत असताना पाय वर आला पाहिजे आणि सूर वाजून गेल्यावर खाली गेला पाहिजे. आधी हात, मग पाय. टाच जमिनीवरून हलवायची नाही. पहिले तीन-चार महिने पेडल नकोच.

डिजिटल पियानोचं सुटं पेडल फरशीवर पळत सुटतं. त्याखाली रबरी पायपुसणं घाला.

१५. माझी गायची पट्टी, म्हणजे सा, काळी चार. ट्रान्सपोझ (सगळे सूर वर-खाली सरकवणारं) बटण दाबून पांढरी एकवरूनच वाजवलं तर?

भजनाच्या साथीला उद्याच बसायचं असेल तर खुशाल दाबा, वजा चारवर ठेवा. पण रियाजात नको. बोट एक सूर दाबतं आणि कान दुसरा ऐकतो, आणि बटण नसलेल्या पियानोसमोर बसलात की हात रिकामे. शिवाय काळी चार ही वाजवायला पांढरी एकपेक्षा सोपी आहे. बिलावल घेतलात तर अंगठा फक्त पांढरी एक आणि पांढरी चारवर, म्हणजे गंधारावर आणि धैवतावर. उजव्या हातानं सा-रे ला २-३, मग १-२-३, मग १-२ आणि वरच्या सा ला ३. दोन संध्याकाळचं काम आहे.

१६. नोटेशन शिकायलाच हवं का? सरगम लिहून चालत नाही?

एका हाताची चाल सरगमनं लिहिता येते. दोन हात, एका वेळी चार-पाच सूर, कोणता किती लांब, हे सरगममध्ये लिहायला गेलात तर कागद गोधडीसारखा दिसतो. नोटेशन शिका. रोज दोन ओळी, वाजवून. मात्र पट्टीवर पेनानं सा-रे-ग लिहू नका. सा फिरता आहे.

१७. पियानोवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येते का?

नाही. पट्टी सुटी, तार सुटी, मध्ये रस्ता नाही. पेटीचंही तेच दुखणं आहे. कणस्वर मात्र छान लागतो: शेजारची पट्टी किंचित आधी हलकीच स्पर्शून लगेच मुख्य सुरावर यायचं. तंबोऱ्यावर कान तयार असलेल्यांना पियानोचा शुद्ध गंधार चढा वाटतो, तोही भ्रम नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे तो तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंट वर बसतो, आणि काळी-पांढरीमधलं अंतर १०० सेंट असतं.

१८. हात लहान आहे, सप्तक पुरत नाही.

सा पासून वरच्या सा पर्यंत साधारण साडेसोळा सेंटीमीटर. आपली वीत मोजून बघा. वीत पुरत नसेल तर ताणू नका. खालचा सूर आधी आणि वरचा लगेच मागून असा सांडत वाजवा, किंवा दोघांतला एक गाळा. ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही.

१९. कुट्टी मशीनमध्ये उजव्या तर्जनीचं अर्धं बोट गेलंय. मी शिकावं का?

शिका. बोटांचे नंबर सरासरी हातासाठी छापलेले असतात, ते हातासाठी आहेत, हात त्यांच्यासाठी नाही. राहिलेलं बोट पट्टीला पुरत असेल आणि टोक हुळहुळं नसेल तर ते काळ्या पट्ट्यांवर वापरा, त्या उंच असतात. नसेल तर चार बोटांचा क्रम आपण बसून ठरवू. यात अंगठा जास्त वेळा फिरतो, म्हणून प्रश्न ९ पक्का करा. पाउल विटगेनश्टाइन या ऑस्ट्रियन वादकाचा सबंध उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. तो नंतर एकट्या डाव्या हातानं मैफली करत राहिला आणि रावेल या फ्रेंच संगीतकारानं त्याच्यासाठी फक्त डाव्या हाताचा कंचेर्टो (वाद्यवृंदासोबत वाजवायची मोठी रचना) लिहिला. आपल्याला कंचेर्टो वाजवायचा नाही. एक आरती आणि दोन जुनी गाणी, एवढंच ठरलंय ना?

२०. नखं, अंगठ्या, बांगड्या?

नखं कापा, पट्टीवर टकटक ऐकू येते आणि बोट सपाट पडतं. जड अंगठ्या काढा. बांगड्या ठेवल्यात तरी चालेल, मला आवाज आवडतो. उन्हाळ्यात घामाला पावडर नको, ती पट्ट्यांच्या फटीत जाते. मांडीवर रुमाल ठेवा.

२१. या वयात परीक्षा देता येते का?

येते. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षांना वयाची वरची मर्यादा नाही, आणि २०२० पासून व्हिडिओ पाठवूनही देता येतात. ज्यांना तारीख ठरल्याशिवाय रियाज होत नाही त्यांनी द्यावी. बाकीच्यांनी गाणी वाजवावीत.

२२. मुंबईहून जुना लाकडी पियानो स्वस्तात मिळतोय. आपल्या उन्हात टिकेल का?

मी घेऊन पस्तावले आहे. विकणाऱ्याने "ठणठणीत आहे" म्हटलं, मी आतलं न बघता टेम्पोत घातला. आत फेल्टला कसर लागलेली होती. दोन उन्हाळ्यांत तारांच्या पिना सैल झाल्या आणि ट्यूनरने सूर लावून दिला की पंधरा दिवसांत उतरायचा.

इथली अडचण नुसत्या ४४ अंशांची नाही. मे महिन्यात लाकूड कोरडं पडून आकसतं, त्याच खोलीत कूलर लावला की दमट हवेनं फुगतं, रात्री कूलर बंद की पुन्हा आकसतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. या ओढाताणीत ध्वनिफलक, म्हणजे आवाज घुमवणारी आतली फळी, तडकतो. घ्यायचाच असेल तर पश्चिमेची भिंत आणि कूलरची खोली दोन्ही टाळा, आणि व्यवहाराआधी ट्यूनरला सोबत न्या. त्याला वरचं पॅनेल काढून पिना तपासायला सांगा, तुम्ही मोबाईलचा टॉर्च धरा. विकणारा पॅनेल काढू देत नसेल तर परत या. येताना टेम्पो रिकामा आला तरी भाडं परवडतं.